जिथे ठेवलं तिथून

१

दुपारची भांडी घासून पालथी घातली की शिवणाच्या मशीनवर बसायचं, हा तिचा कित्येक वर्षांचा नेम. मशीन पुढच्या खोलीत, खिडकीला लागून. समोर भिंतीशी नवऱ्याची खुर्ची. झटका आल्यापासून त्याची उजवी बाजू लुळी पडली होती आणि तोंडातून शब्द फुटत नव्हता. पण म्हणून तिनं बोलणं सोडलं नव्हतं. दोघांच्या वाटचं तीच बोलायची.

"हॉटेलवाल्याचे पडदे आहेत हे. कापड बघा कसलं घेतलंय, सुई आत गेली तर बाहेर येत नाही. काय म्हणालात? हो, मीही त्याला तेच सुनावलं."

नवरा खिडकीकडे बघत राहायचा. त्या बघण्यानं तिचं डोकं फिरायचं. तो चिडला असता, ताट भिरकावलं असतं, तरी चाललं असतं तिला. हे नुसतं बसून राहणं तिच्याच्यानं बघवत नव्हतं.

सकाळी त्याला व्यायाम द्यायला एक बाई यायची. व्यायामवाली म्हणूनच ओळख. ती एकदा म्हणाली, "काकू, काकांच्या हाताला त्यांच्या आवडीचं काहीतरी द्या. अगदी जुनं. डोकं विसरतं, पण बोटं इतक्या लवकर विसरत नाहीत."

जुनं आणि आवडीचं म्हणजे एकच. लग्नाच्या आधी नवऱ्यानं घरात कॉम्प्युटर आणला होता. हल्लीसारखा नव्हे, नुसताच कीबोर्ड. तो टीव्हीला जोडायचा आणि गेम चढवायचा कॅसेटवरून. गाण्यांची कॅसेट असते ना, तसलीच. सुट्टीच्या दिवशी नवरा त्याच्यापुढे बसला की त्याला भूक लागायची नाही. ते यंत्र कधीच बिघडून भंगारात गेलं होतं. तिनं लेकीला फोन लावला. लेक नोकरीपायी दूर राहायची.

"आई, ते यंत्र आता शोधत बसू नकोस," लेक म्हणाली. "माझा जुना लॅपटॉप पाठवते. त्यात एक प्रोग्रॅम टाकलाय, एम्युलेटर म्हणतात त्याला. तो त्या जुन्या कॉम्प्युटरचं सोंग घेतो. गेम सगळे तेच, बाबांच्या वेळचे."

"सोंगं घेणारे नातेवाईक काय कमी होते आपल्याकडे, की आता यंत्रही तसलंच आणायचं?"

"तू आधी सुरू तर कर गं!"

२

सुरू कर म्हणणाऱ्याचं काय जातं! प्रोग्रॅम उघडला तर राखाडी चौकोन, खाली एक ओळ आणि लुकलुकणारा ठिपका. गेम नाही, काही नाही. तिनं एक अक्षर दाबलं तर एक अख्खा शब्दच उमटला. दुसरं दाबलं तर दुसराच शब्द. तिला वाटलं, यंत्र आपली टिंगल करतंय.

"तसंच असतं ते," लेक फोनवर. "त्या कॉम्प्युटरवर एकेका बटणात अख्खा हुकूम असायचा. जे दाब. लोड आलं?"

"आलं."

"आता दोनदा अवतरणचिन्ह."

"ते कुठं आहे?"

"पी वर. पण दुसरं एक बटण दाबून धरून."

"कुठलं दुसरं?"

ते दुसरं सापडेपर्यंत चहा निवला. मग वरच्या यादीतून टेपची फाइल निवडायची होती. ती निवडली तर आता त्या खोट्या कॅसेटचं खोटं प्लेचं बटण दाबायचं होतं. खरी कॅसेट नाही, खरा टेपरेकॉर्डर नाही, तरी बटण दाबल्याशिवाय घोडं पुढं सरकेना. दाबलं आणि लॅपटॉपमधून अशी काही किंचाळी उठली की शेजारणीनं भिंत ठोकली. चिर्र, किर्र, मध्येच लांब शिट्टी. स्क्रीनच्या कडेनं तांबडे-निळे पट्टे धावू लागले.

ती फोनवर ओरडली, "हे फुटणार आता!"

"फुटत नाही. गेम चढतोय. पाच-सात मिनिटं हात लावू नकोस."

ती कानांवर हात ठेवून बसून राहिली. सगळं झाल्यावर स्क्रीन कोरी आणि खाली एक ओळ, चूक झाल्याची. लेक म्हणाली, मॉडेल बदल, जास्त मेमरीवालं निवड. बदललं. पुन्हा जे, पुन्हा पी, पुन्हा किंचाळी, पुन्हा चूक. दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशी गेम चढला, पण बाणांच्या बटणांनी माणूस जागचा हलेना. तिनं लॅपटॉपचं झाकण आपटलं आणि लेकीला चार शब्द ऐकवले, त्यातले दोन जावयानं ऐकायला नको होते.

"आई, बाण नव्हतेच तेव्हा," लेक शांतपणे म्हणाली. तिचा तो शांतपणा आईच्या डोक्यात जायचा. "डावीकडे जायला ओ, उजवीकडे पी. वर-खाली क्यू आणि ए. बाबांना माहीत असेल."

तिनं लॅपटॉप स्टुलावर ठेवला आणि स्टूल नवऱ्यापुढे ओढलं. चित्रात उंच इमारत होती, मजल्यामजल्याला शिड्या, आणि तळाशी हातात बादली घेतलेला बोटभर रंगारी. तो ज्या भिंतीवरून जाईल ती रंगायची, आणि मजला रंगला की शिडी चढून वर. ओल्या रंगावरून मांजरी फिरायच्या. मांजर शिवली की रंगारी मेला.

"घ्या. तुमचं खूळ. तीन दिवस जीव खाल्लाय माझा ह्यानं."

तिनं त्याचा लुळा हात उचलून कीबोर्डच्या उजव्या टोकाला ठेवला. ओ आणि पी तिथंच होते. डावा हात क्यू आणि ए वर ठेवला. दोन्ही हात तसेच पडून राहिले. ती मशीनवर जाऊन बसली, पडद्याची दुमड घातली आणि रागाच्या भरात वाकडी शिवत गेली. सुई बोटात घुसली. तिनं बोट तोंडात घातलं आणि तेव्हा तिला टक् असा आवाज आला.

मग आणखी एक टक्.

नवऱ्याचं उजवं बोट हलत होतं.

ती उठून त्याच्यामागे उभी राहिली. रंगारी भिंतीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत गेला, मांजरीवरून उडी मारली, शिडीला लागला, वर पोचला. नवऱ्याचे ओठ हलले आणि किती महिन्यांनी त्याचा आवाज खोलीत आला, जाडाभरडा, पण त्याचाच.

"बघ. चढलो."

"चढलात हो, चढलात!" ती किंचाळलीच.

लेकीनं सांगून ठेवलं होतं की जिथे आहे तिथे गेम गोठवून ठेवता येतो, मग मेला तरी पुन्हा तिथूनच. बाबांच्या वेळी ही सोय नव्हती, मेलं की पहिल्यापासून. त्याची दोन बटणं वरच्या रांगेत होती. विसरायला नको म्हणून तिनं ठेवायच्या बटणावर निळ्या कापडाची कातरण चिकटवली होती आणि परत आणायच्या बटणावर तांबडी. रंगारी वर पोचला त्याच क्षणी, नवरा बोलायच्या आधीच, तिचं बोट त्या निळ्यावर पडलं होतं. रस्त्यावर कोणाची तरी स्कूटर सुरू होता होत नव्हती, घर्र करून बंद पडत होती. स्टुलाच्या कडेला अर्धा कप चहा होता. बोटातून रक्ताचा एक थेंब आला होता.

पुढच्याच मजल्यावर डावीकडून मांजर आली आणि रंगारी मेला. नवऱ्याचं बोट थांबलं. तो पुन्हा खिडकीकडे बघायला लागला.

३

दुसऱ्या दिवशी तिनं हात बटणांवर ठेवला, तर काही नाही. ओंजळीत घेऊन चोळला, काही नाही. पहिल्यापासून गेम चढवला, ती किंचाळी पुन्हा सोसली, तरी काही नाही. शेवटी तांबडं दाबलं.

"बघ. चढलो," नवरा म्हणाला.

तिचे डोळे भरून आले. बोट चालू लागलं. बाहेर स्कूटर घर्र करून बंद पडली. मांजर आली, रंगारी मेला, नवरा गप्प झाला. तिनं पुन्हा तांबडं दाबलं. तो पुन्हा म्हणाला. पुन्हा मांजर.

संध्याकाळी ती पडद्याकडे वळली. वाकडी शिवलेली दुमड तिनं सकाळीच उसवून ठेवली होती, म्हणजे तिला तसं पक्कं आठवत होतं. आता बघते तर दुमड शिवलेली, तशीच वाकडी.

"डोकं ठिकाणावर आहे का माझं?" तिनं नवऱ्याला विचारलं. "मी उसवली की नाही? तुम्ही बघत होतात."

तिनं पुन्हा उसवली. धाग्याचे तुकडे गोळा करून मुद्दाम मशीनच्या खणात टाकले, म्हणजे उद्या आपल्यालाच पुरावा.

दुसऱ्या दुपारी गेम खेळून झाल्यावर खण उघडला. खण रिकामा आणि दुमड शिवलेली. तिनं पडदा जमिनीवर फेकला. आधीच हॉटेलचा मॅनेजर रोज फोन करत होता, "काकू, पडदे कधी? माझी गिऱ्हाइकं उन्हात बसतायत." ती म्हणायची, "आज देते, उद्या देते." आणि रोज तीच एक दुमड. दिवसभर राबून तिथल्या तिथे, सुईभरही पुढे नाही. राग कोणावर काढायचा तेही कळेना.

रागातच तिचं लक्ष बोटाकडे गेलं. सुई टोचलेल्या जागी रक्ताचा थेंब होता. ताजा. तिनं तो पुसला नि स्वतःलाच समजावलं की रोजचं काम आहे, रोज टोचते सुई.

पण आज ती मशीनवर बसलीच नव्हती.

४

"काका अगदी जसेच्या तसे आहेत," व्यायामवाली म्हणाली. ती नवऱ्याचा हात वाकवून बघत होती. तिचा सूर तक्रारीचा नव्हता, पण कपाळावर आठी होती.

"बोलतात ते. दुपारी बोलतात. तुम्ही दुपारी या."

"ते चांगलंच आहे. पण हातात काहीच फरक नाही, काकू. ना चांगला, ना वाईट. असं सहसा होत नाही." तिनं नवऱ्याची बोटं उलटसुलट केली. "नखं तुम्हीच कापता ना? छान ठेवलीत."

व्यायामवाली गेल्यावर तिनं नवऱ्याची बोटं हातात घेऊन बघितली. नखं तिनं कापली नव्हती. किती दिवसांत? तिला आठवेना. तिनं नवऱ्याच्या गालावरून तळवा फिरवला. गाल गुळगुळीत. दाढी तिनं केली होती ती पहिल्यांदा रंगारी चढला त्या दिवशी सकाळी. त्यानंतर साबणाला हात लावला नव्हता. ब्रश कोरडा ठणठणीत होऊन मोरीच्या खिडकीत पडला होता.

माणूस थोडा विचारी असता तर तिथंच थांबला असता. ती विचार करणाऱ्यातली नव्हती, भांडणाऱ्यातली होती. तिला वाटलं, अडलंय ते त्या मांजरीपाशी. एकदा नवरा मांजरीच्या पुढे गेला, वरचा मजला चढला, तर आणखी काही बोलेल. मग तिथं निळं दाबायचं आणि हे मागचं सोडून द्यायचं.

"उडी मारा! आता! अहो, आता!" ती कानाशी ओरडायची. बोट क्षणभर उशिरा पडायचं. नेहमी तेवढाच क्षण.

"मला हाक मारा ना एकदा. नाहीतर शिवी द्या. काहीही बोला, पण दुसरं काहीतरी बोला!"

तांबडं.

"बघ. चढलो."

"बघितलं!" ती कडाडली. "शंभरदा बघितलं! पुढं काय?"

पुढं मांजर.

५

पडद्यांचा प्रश्न सोडवायला तिनं साधी युक्ती केली. पुढच्या खोलीत काही ठेवायचंच नाही. वाकडी दुमड उसवून तो पडदा तिनं स्वयंपाकघरात नेला, ओट्याशी उभं राहून हातानं सरळ शिवला, इस्त्री करून खुंटीवर टांगला. मग पुढच्या खोलीत येऊन नवऱ्यापुढे बसली आणि तांबडं दाबलं.

"बघ. चढलो."

रंगारी मेल्यावर ती धावत स्वयंपाकघरात गेली. पडदा खुंटीवर होता. दुमड सरळ. तिनं ती डोळ्यांजवळ धरून टाका न् टाका तपासला आणि किती दिवसांनी खुदकन हसली. हरवलं मेल्याला!

हसत हसतच ती पुढच्या खोलीत परतली आणि दारातच थबकली.

मशीनवर पडदा होता. दुमड वाकडी.

ती आधी उगाचच दोन्हीकडे फिरली. स्वयंपाकघरात एक, पुढच्या खोलीत एक. दोन्ही हातांत दोन घेऊन उजेडात बसली. कापडाच्या काठाला एका जागी विणीत गाठ होती, घेतानाच तिच्या नजरेला आलेली. दोन्ही पडद्यांना ती गाठ त्याच जागी होती. दुसऱ्या कापडाला तीच गाठ, त्याच बोटभर अंतरावर, असं होत नसतं. कापडात तरी होत नसतं.

मॅनेजरनं पडदे नेले तेव्हा तो म्हणाला, "काकू, एक जास्तच आहे की!"

"असू दे. राहू दे तुमच्याकडे. परत आणू नका."

त्याला आश्चर्य वाटलं असणार. तिच्याकडून फुकट चिंधीही मिळायची नाही.

तो गेल्यावर ती नवऱ्यासमोर जमिनीवर बसली. खोलीबाहेर नेलेलं टिकतं. खोलीत त्या क्षणी जे होतं ते परत येतं. एवढं तिला कळलं होतं, आणि याच्यापुढं कळून घ्यायची तिची तयारी नव्हती. एक प्रश्न मात्र डासासारखा कानाशी भुणभुणत राहिला. त्या क्षणी खोलीत पडदा होता, चहा होता, नवरा होता. आणि नवऱ्याच्या मागे कोण उभं होतं?

आपण दर वेळी इथंच असतो म्हणून ठीक आहे, असं तिनं मनाशी म्हटलं. मग तो विचार उष्ट्या पाण्यासारखा फेकून दिला.

६

तिनं गेम बंद केला. लॅपटॉप पुसून, झाकण लावून कपाटावर ठेवला. सोपं नव्हतं ते. नवऱ्याचा आवाज कपाटावर ठेवून खाली स्वयंपाक करायचा होता. दुपार झाली की हात कपाटाकडे जायचा. ती हातालाच शिव्या द्यायची.

पण एका सकाळी गालावर हात फिरवला तर खुंट टोचले. पांढरे, राठ, तिच्या तळव्याला ओरखडा काढणारे. ती तिथंच गालाला गाल लावून बसली.

"वाढा," ती म्हणाली. "हवी तेवढी वाढा. मी काढत नाही आता."

पुढच्या आठवड्यात व्यायामवालीनं नवऱ्याच्या मुठीत चमचा दिला आणि स्वतःचा हात काढून घेतला. चमचा पडला नाही. थरथरत होता, आतला भात अर्धा सांडला, पण पडला नाही. व्यायामवाली हसली. "काकू, हे खरं. हे हळूहळू होतं, पण खरं असतं." त्याच संध्याकाळी नवऱ्यानं खिडकीवरून नजर काढून तिच्याकडे बघितलं. बोलला नाही. पण त्याला ती दिसली, हे तिला दिसलं. मग तिनं मोरीत जाऊन नळ सोडला आणि भरपूर रडून घेतलं.

सुट्टी काढून लेक येणार होती. फोनवर लेकीचं एकच चाललं होतं, बाबांचा आवाज ऐकायचाय.

"ते यंत्र लावायचं नाही," तिनं बजावलं. "तुझे बाबा चमचा धरतात आता. ते बघ."

"अगं, पण का? बोलतात ना ते गेमवर?"

"नाही म्हटलं ना!"

"कारण तरी सांग."

कारण काय सांगणार? पडदा दोन झाला? लेकीनं पहिली गोष्ट म्हणजे तिलाच डॉक्टरकडे नेलं असतं. "डोळे दुखतात त्यांचे," ती म्हणाली. आयुष्यात कधी तोंडावर खरं बोलायला न घाबरलेली बाई एवढं भिकार खोटं बोलली, आणि तेही लेकीला पटलं नाही.

७

लेक आली, बाबांच्या गळ्यात पडली, त्यांची दाढी बघून आधी हसली आणि मग रडली. चमचा बघितला. चांगलं आहे म्हणाली. पण डोळ्यांत काही ते दिसेना. एवढ्या लांबून ती आवाजासाठी आली होती आणि बाबा तिच्याकडे बघून नुसते ओठ हलवत होते.

"बस तू त्यांच्यापाशी. चहा टाकते," असं लेकीला म्हणून ती स्वयंपाकघरात आली.

आधण ठेवलं. आलं किसायला घेतलं. पुढच्या खोलीत स्टूल सरकलं, कपाटावर काहीतरी घासलं. लेक काहीतरी आवरत असेल. तिनं साखर घातली, कप धुतले. मग आतून ओळखीचा एक छोटा आवाज आला, लॅपटॉप उघडल्याचा.

"ए! नको!" ती ओरडली. किसणी हातातून पडली. "दाबू नकोस! मी येईपर्यंत दाबू न–"

"बघ. चढलो," पुढच्या खोलीत नवरा म्हणाला.

"चढलात हो, चढलात!"

लेकीचा आवाज असा नव्हता. लेकीचा आवाज पातळ, तिच्या बापाच्या वळणाचा. हा भसाडा, वर चढून फाटणारा आवाज तिला उभ्या जन्मात कोणी दुसऱ्यानं काढलेला ऐकू आला नव्हता.

"बाबा! बाबा बोलले!" लेक रडत हसत होती. मग जरा थांबून, "आई? तू कधी आलीस आत? मला दिसलीच नाहीस."

"आले म्हणजे? मी हलले कुठं इथून?" तो आवाज म्हणाला. "आणि तू अशी अचानक कुठून उगवलीस? फोन नाही, काही नाही!"

"काय गं चेष्टा करतेस!"

"चेष्टा कसली? बाबा बोलले तुझे! ऐकलंस ना? तीन दिवस जीव खाल्ला त्या यंत्रानं, पण बोलले!"

त्या आवाजात इतका आनंद होता की स्वयंपाकघरात उभ्या असलेल्या तिला क्षणभर हेवाच वाटला. त्या बाईला काहीच ठाऊक नव्हतं. मांजर ठाऊक नव्हती, पडदा ठाऊक नव्हता, थरथरणारा चमचाही ठाऊक नव्हता.

ती भिंतीला धरून बोळातून पुढं सरकली. दार अर्धवट लोटलेलं होतं. फटीतून नवऱ्याचा एक गाल दिसला. गुळगुळीत, आत्ताच दाढी केल्यासारखा. काल संध्याकाळी त्या गालावर तिची बोटं अडत होती. आता तिथं काही नव्हतं, आणि त्याच्या डोळ्यांतही काही नव्हतं. खुर्चीच्या पाठीवर एक हात होता, कष्टानं राकट झालेला, आणि त्याच्या बोटावरचा रक्ताचा थेंब अजून ओघळायचा होता.

आधण उतू जाऊन शेगडीवर फस्सकन आवाज झाला.

"आई, तुझा चहा उतू गेला वाटतं," लेक म्हणाली.

"माझा? मी कुठं टाकला चहा?"

खुर्चीच्या पाठीवरचा हात उचलला गेला.

"मी इथं, तू इथं," तो आवाज म्हणाला. आता त्यात आनंद नव्हता. हा सूर बोळात उभी असलेली ती चांगला ओळखत होती. आयुष्यभर तो तिनं दुसऱ्यांसाठी वापरला होता, स्वतःच्या कानांवर घ्यायची वेळ कधी आली नव्हती. "मग माझ्या स्वयंपाकघरात कोण शिरलंय?"

"आई, थांब ना, काय झालं?"

"तू बाबांजवळ बस. मी बघते."

आतून कापडावर कात्री सरकल्याचा आवाज आला, ती उचलल्याचा, आणि मग पावलं. जड, भरभर, न बिचकणारी. ती बोळात उभी होती. बोलायला तोंड उघडलं, पण काय सांगणार होती? त्या बाईला समजावून काही उपयोग नसतो, हे तिच्याइतकं कोणाला माहीत होतं! परक्या माणसाला ती घरात उभं करून घ्यायची नाही.

दार उघडायला लागलं.